हरवलेला गुरुवार

एखादा दिवस फुकट गेला असें आपण सर्वच म्हणतों. शाळेंत असतांना मुलांच्या निबंधांतून हें वाक्य आम्हीं निदान हजार वेळां तपासलें असेल. परंतु दिवस मुळीं उगवलाच नाहीं, पंचांगांत छापलेला वार आपल्या वांट्याला आलाच नाहीं, असा प्रसंग आम्हांवर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं प्रशांत महासागरांत एका प्रवासी जहाजावर आला. आणि जो वार नाहींसा झाला तो नेमका आमच्या तीर्थरूपांच्या श्राद्धाचा.

आधीं हें जहाजाचें प्रकरण कसें उद्भवलें तें सांगितलें पाहिजे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूस असतात. तेथून सिडनीपर्यंतची सुमारें साडेतीन आठवड्यांची सागरी सफर त्यांनीं आम्हां उभयतांसाठीं ठरविली, पैसे भरले, आणि मग आम्हांस विचारलें. हल्लींच्या मुलांची विचारण्याची रीत ही अशी असते. आम्ही पडलों पाठशाळेंत संस्कृत पढलेले आणि इंग्रजी जुन्या मॅट्रिकपुरतें शिकलेले शाळामास्तर. बौधायनानें समुद्रसंयान पातकांत गणलें आहे, हें सांगण्यास आम्हीं तोंड उघडलें मात्र, तोंच आमचें कुटुंब म्हणालें, “आनंदीबाई जोशी १८८३ सालीं नवऱ्याला मागें ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेला गेल्या. त्या वेळीं तुमच्या बौधायनाला कोणी विचारलें होतें?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें अद्यापिहि नाहीं.

खरी अडचण शास्त्राची नव्हतीच. ती वडिलांची होती. त्यांचा जन्म अलिबाग तालुक्यांतला. १९४७ सालीं १७ जुलैला, आषाढी अमावास्येच्या दिवशीं, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, हें आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांनीं ऐकलें असेल. त्या बोटींत वडिलांचे मामा होते. वडील तेव्हां पंधरा वर्षांचे. त्यानंतर त्यांनीं जन्मांत बोटींत पाऊल ठेवलें नाहीं. मुंबईस जाणें पडलें तर पेणवरून वळसा घालून मोटारीनें जात. किनाऱ्यावर आम्हां मुलांना नेत, पण पाणी घोट्याच्या वर आलें कीं हांक मारीत. त्यांना जाऊन तेहतीस वर्षें झालीं. ज्येष्ठ पुत्र या नात्यानें या तेहतीस वर्षांत कार्तिक वद्य सप्तमीला आम्हीं कधीं खंड पडूं दिला नव्हता. या खेपेस ती तिथि ऐन सफरींत येत होती. पुण्यास धाकट्या बंधूंनीं श्राद्ध करावें आणि आम्ही जेथें असूं तेथें निदान तिलतर्पण करावें, असें ठरवून आम्ही निघालों. तरी ज्या माणसानें समुद्राला जन्मभर पाठ दाखविली त्याला समुद्राच्या मध्यावर हांक मारावयाची, हा विचार मनाला टोंचत होता.

जहाजाविषयीं फार लिहीत नाहीं. दोन हजारांच्या आसपास उतारू आणि त्यांच्या सेवेस हजाराला थोडे कमी नोकर, असा तो तरंगता गांव. बंदर नसलेल्या दिवसाला तेथें ‘समुद्राचा दिवस’ म्हणतात. आदले रात्रीं खोलीच्या दाराखालून दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद सरकविण्यांत येतो. त्यांत पहांटेच्या व्यायामापासून मध्यरात्रीच्या नाचापर्यंत घटकाघटकांची सोय लावलेली असते. कोणी पत्ते कुटतो, कोणी व्याख्यान ऐकतो, कोणी वरच्या मजल्यावर प्रदक्षिणा घालतो आणि किती झाल्या तें बोटांवर मोजतो. आम्हांस हें पाहून गाणगापूरची आठवण झाली. दुपारीं बारांच्या सुमारास कप्तान ध्वनिक्षेपकावरून अक्षांश, रेखांश, वेग आणि पाण्याची खोली सांगतो. हा एवढाच कार्यक्रम आम्हीं कधीं चुकविला नाहीं. वही घेऊन बसावें आणि मांडणी करावी. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. आणि तो तेवढाच कां, तर पृथ्वीच्या महावृत्ताची ती एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, होय. ज्योतिषांतली आमची ओळखीची कला अशी परदेशीं वेष पालटून भेटली, तेव्हां मोठा आनंद झाला. जहाज ताशीं अठरा सागरी मैल चालतें, म्हणजे विषुववृत्ताजवळ पश्चिमेकडे जातांना दिवसाला सातांहून किंचित् अधिक अंश कापतें. एका अंशाला चार मिनिटें. तेव्हां रोज सुमारें अर्धा तास सूर्य आपल्यासाठीं थांबतो. म्हणून दर दोन-तीन दिवसांनीं “आज रात्रीं घड्याळें एक तास मागें घ्या” अशी सूचना येई, आणि एक तास झोंप अधिक मिळाली म्हणून सारें जहाज खूष होई. आम्हीहि खूष होत असूं. हें ऋण आहे आणि त्याची वसुली व्हावयाची आहे, हें तेव्हां ध्यानांत आलें नाहीं.

होनोलुलु मागें टाकून, विषुववृत्त ओलांडून एका बुधवारीं आम्ही अमेरिकन सामोआंतील पागो पागो या बंदरांत पोंचलों. हिरव्या डोंगरांनीं तिन्ही बाजूंनीं वेढलेली ती खाडी पाहून कोंकणांतल्या माणसास घरची आठवण न होईल तरच नवल. सायंकाळीं पांच वाजतां, जहाज सुटण्यापूर्वीं, पुण्यास दूरध्वनि केला. बंधु घाईंत होते.

“दादा, भटजी साडेबाराला यायचे आहेत. वहिनीला विचार, आमसुलाची चटणी बाबांना गोड लागायची कीं आंबट?”

“भटजी आज कशाला? श्राद्ध उद्यां.”

“उद्यां कसें? आज गुरुवार.”

“येथें बुधवार आहे.”

“असेल. इथें गुरुवारचे साडेनऊ वाजलेत सकाळचे.”

एवढ्यापर्यंत ठीक होतें. त्यांचा आज तो आमचा उद्यां, असें मनाशीं म्हणून आम्ही खोलींत आलों. जहाज सुटलें. दाराशीं दुसऱ्या दिवसाचा कागद येऊन पडला होता. त्याच्या माथ्यावर शुक्रवार छापलेला. चूक असेल म्हणून आम्हीं चष्मा पुसला. खालीं सूचना होती: आज मध्यरात्रीं आपण दिनरेषा ओलांडीत आहोंत, उतारूंनीं घड्याळें एक तास मागें घ्यावीं व तारीख एक दिवस पुढें घ्यावी.

शुद्ध रेखावृत्त पाहिलें तर १८० वा अंश तेथून बराच पश्चिमेस आहे. पण ही रेषा सरळ नाहीं. १८८४ सालीं वॉशिंग्टनच्या परिषदेनें ग्रीनिचचें रेखावृत्त मूळ धरलें, तरी त्याच्या पाठीमागची दिनरेषा त्या त्या बेटांच्या सोयीनें वांकविलेली आहे. फिजीचीं सर्व बेटें एका वारांत यावींत म्हणून ती पूर्वेकडे सरकवावी लागली. सामोआच्या स्वतंत्र राज्यानें तर व्यापाराच्या सोयीसाठीं २०११ सालीं ३० डिसेंबर हा दिवस आपल्या कालगणनेंतून गाळूनच टाकला. त्यामुळें आज पागो पागो आणि आपिया या दोन बंदरांत अंतर शंभर मैलांच्या आंतलें, पण वार निराळे. एकीकडे चुलत्याचें लग्न होऊन दुसऱ्या दिवशीं दुसरीकडे आदला दिवस गांठतां येतो. शाळेंत भूगोल शिकवितांना ही रेषा आम्हीं फळ्यावर अनेक वर्षें काढली. ती आपल्या वडिलांच्या श्राद्धावरून जाईल असें कधीं मनांत आलें नव्हतें.

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. पुण्यांत भटजी केव्हां बसले असतील याचा हिशेब केला, तों असें निघालें कीं आमच्या रात्रींच्या नऊ वाजतां तेथें दुपारचा दीड वाजत होता. आणि रात्रीं नऊ वाजतां आम्ही खालच्या भोजनगृहांत पियानो ऐकत, अननसाचें कांहींतरी गोड खात बसलों होतों. श्राद्धाच्या आदले दिवशीं एकभुक्त राहावें एवढा साधा नियम, तोहि मोडला. मॅगेलनच्या जहाजांची हकीकत आठवली. पृथ्वीला पश्चिमेकडून वळसा घालून त्यांतलें उरलेलें एक जहाज १५२२ च्या जुलैंत केप व्हर्द बेटांपाशीं आलें, तेव्हां रोजनिशी नेमानें ठेवणाऱ्या पिगाफेट्टाच्या हिशेबीं बुधवार होता आणि किनाऱ्यावरचे लोक गुरुवार म्हणत होते. तो गृहस्थ बुचकळ्यांत पडला. त्याचाहि बुधवारच आणि गुरुवारच! अर्थात् आम्हांस त्याच्यापेक्षां एक गोष्ट अधिक ठाऊक होती. मुंबईहून अमेरिकेपर्यंत विमानानें, पुढें जहाजानें, आम्ही सारखे पश्चिमेकडेच चाललों होतों. वाटेंत जे तास थोडेथोडे उसने घेतले, त्यांचा सावकारानें एकदम एक दिवस कापून घेतला. हिशेब बिनचूक होता. पण हिशेब बिनचूक असल्यानें मनाचें समाधान होतें असें नाहीं.

पहांटे कुटुंब आम्हांस हालवून वर घेऊन गेलें. वरचा मजला ओला, निर्मनुष्य, वारा कोमट. घरीं ज्याला जवळजवळ माथ्यावर पाहण्याची संवय, तो अर्धा चंद्र येथें उत्तरेकडे कललेला होता.

“हा पाहा,” ती म्हणाली. “काल पहांटे बंदरांत शिरतांना पाहिला तेव्हां याच्याहून भरलेला होता. आज थोडा कमी झाला आहे. मधली एक रात्र कोणी चोरली असती तर दुप्पट झिजला नसता का?”

आम्ही गप्प झालों.

“तिथि चंद्राची असते कीं कप्तानाची? तुम्हीं पंचांगांत वार पाहत बसलां.”

चाळीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसानें हें ऐकून घ्यावें लागलें; आणि तें अक्षरशः खरें होतें. सूर्य आणि चंद्र यांच्यांतलें अंतर बारा अंशांनीं वाढलें म्हणजे एक तिथि. ती पृथ्वीवर सर्वत्र एकाच क्षणीं लागते व एकाच क्षणीं संपते. मग त्या क्षणीं कोठें पहांट असो, कोठें तिन्हीसांज. दिनरेषेला ती ओळखीत नाहीं. वार गळूं शकतो, कारण तो माणसांनीं एकमेकांशीं केलेला करार आहे. तिथि अशी गळत नाहीं. आम्हीं वही काढली. पंचांगाप्रमाणें सप्तमी गुरुवारीं सकाळीं साडेदहानंतर लागून शुक्रवारीं अकराच्या सुमारास संपत होती. हे आकडे भारतीय वेळेचे. त्यांचें जहाजाच्या वेळेंत रूपांतर केलें. सप्तमी आमच्या बुधवारीं सायंकाळीं सहांच्या पुढें, म्हणजे जहाज धक्का सोडीत असतांना लागली होती; आणि ज्याला कप्तान शुक्रवार म्हणत होता त्या दिवशीं सायंकाळीं साडेपांचांच्या पुढें संपत होती. श्राद्धाला अपराह्णीं व्यापणारी तिथि पाहावयाची. दिवसाचे पांच भाग केले तर चौथा तो अपराह्ण. आमच्या त्या ठिकाणीं पाऊण वाजल्यापासून सव्वातीनपर्यंत. बंधूंच्या अपराह्णीं सप्तमी होती, आमच्याहि अपराह्णीं सप्तमीच होती. त्यांनीं गुरुवारीं केलें तें बरोबर, आणि आम्हीं शुक्रवारीं करावें हेंहि बरोबर. तीन वेळां ताळा पाहिला. मग चहा घेतला नाहीं.

आतां साहित्य. आमच्या टेबलापाशीं वाढणारा तरुण सासष्टीकडचा. त्याचा आजा तारवटी, बाप तारवटी. तिघांनीं मिळून किती समुद्र पाहिले याची त्यालाहि गणती नाहीं. पहिल्याच दिवशीं आमची मराठी ऐकून तो कोंकणींत बोलूं लागला होता आणि आम्हांस ‘मास्तर’ म्हणे. त्याला सांगितलें. त्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “काळे तीळ जपानी पदार्थांवर घालायला ठेवतात. आणतों.” दहा मिनिटांत कागदाच्या वाटींत तीळ आले, वर झांकलेला साधा भात आला. मोबदला म्हणून पुढें केलेली नोट त्यानें घेतली नाहीं. आपल्या आईच्या स्मृतिदिनीं चर्चमध्यें मीस सांगतों, असें तो म्हणाला, आणि कामाला निघून गेला.

खोलींत अग्नि पेटविण्यास सक्त मनाई. दर्भ नाहींत. भटजी नाहींत. कावळा तर शेंकडों मैलांत नाहीं. समुद्रांत कांहीं सोडावें म्हटलें तर उतारूंनीं कठड्यावरून वस्तु टाकण्यास बंदी. समुद्र घाण होऊं नये म्हणून १९७३ सालीं राष्ट्राराष्ट्रांत झालेल्या कराराचे नियम जहाजावर फार कडक पाळतात, आणि तें योग्यच आहे. परंतु आमचे शास्त्रकार प्रवाशाच्या बाबतींत वाटतात तितके कठोर नव्हते. पाक करणें अशक्य असेल तर आमश्राद्ध, तेंहि नसेल तर हिरण्यश्राद्ध, आणि हातांत मुळीं कांहींच नसेल तर मोकळ्या जागीं जाऊन दोन्ही हात वर करून पितरांस सांगावें कीं मजपाशीं कांहीं नाहीं, माझ्या भक्तीनें तृप्त व्हा. इतकी मोकळीक ज्यांनीं ठेवली त्यांना आपण कर्मठ म्हणतों.

दक्षिण दिशा कोणती, हा शेवटचा प्रश्न. सावलीवरून दिशा काढणें हा आमचा हातखंडा. अंगणांत काठी रोवून शेंकडों मुलांना शिकविलें आहे. साडेअकराच्या सुमारास वर जाऊन छत्री उभी धरली, तर सावली नाहीं! कार्तिकांतला सूर्य त्या अक्षांशावर जवळजवळ थेट डोक्यावर येतो. शेवटीं रंगाचा डबा घेऊन चाललेल्या एका खलाशास विचारलें. त्यानें ब्रशानेंच डावी बाजू दाखविली.

दीड वाजतां डाव्या बाजूच्या कठड्यापाशीं, एका कोपऱ्यांत, अपसव्य करून बसलों. पितळी भांडें घरून नेलेलेंच होतें. वडील, आजोबा, पणजोबा. नांव, गोत्र उच्चारून तिलोदक दिलें. सत्तेचाळीस सालीं बुडालेल्या त्या मामांचें नांव वडील दरवर्षीं घेत असत, म्हणून तेंहि घेतलें. त्यांच्यानंतर तेहतीस वर्षें तें नांव आम्ही घरांत पाटावर बसून घेत आलों; समुद्राकडे तोंड करून प्रथमच घेतलें, आणि आवाज फुटेना. पुढें निळें पाणी हलत होतें. उडणारे मासे मधूनच चांदीच्या नाण्यांसारखे उसळून पुन्हां नाहींसे होत. वडिलांना भय वाटण्याजोगें त्यांत त्या दिवशीं कांहीं नव्हतें.

मग उठून, नियमांत सांगितल्याप्रमाणें, दोन्ही हात वर केले. डोळे मिटले होते. उघडून पाहतों तों शेजारीं एक गोरी वृद्धा, टेकण्याची काठी कठड्याला लावून, तशीच हात वर करून उभी! तिला वाटलें कीं हा योगाचा वर्ग आहे. तिनें अदबीनें विचारलें, किती वेळ धरून ठेवावयाचे? आमच्या मॅट्रिकच्या इंग्रजींत आम्हीं सांगितलें कीं हें आसन नव्हे. आज आमच्या वडिलांचा दिवस आहे, त्यांच्यासाठीं हें करतों. तिनें हात खालीं घेतले नाहींत. थोड्या वेळानें आपणच म्हणाली कीं तिचे वडील महायुद्धांत आरमारावर होते आणि याच महासागरांतून परत आले नाहींत. पुढें कोणीच बोललें नाहीं. भांड्यांतलें पाणी आम्हीं वरच्या मजल्यावर कुंडींत एक झाड लावलेलें होतें त्याच्या मुळाशीं ओतलें. हिरण्याचे पैसे वेगळे बांधून ठेवले आणि झांकून ठेवलेला तो गार भात उभयतांनीं दह्याबरोबर खाल्ला.

उरलेली दुपार कठड्याशींच गेली. सकाळीं फिजी येणार होतें. १८७९ सालीं ‘लिओनिडास’ या जहाजानें कलकत्त्याहून पहिले करारी मजूर तेथें नेले. १९१६ पर्यंत अशीं साठ हजारांवर माणसें गेलीं. गिरमिट म्हणत त्या कराराला. तळघरासारख्या जागेंत एका पंक्तीला बसून जेवावें लागे. जात पहिल्या आठवड्यांतच वाहून जाई, आणि सोबत आलेले ते ‘जहाजी भाई’ म्हणून जन्मभर एकमेकांस सख्ख्याप्रमाणें धरीत. १८८४ सालीं ‘सिरिया’ जहाज तेथल्या प्रवाळाच्या खडकावर आपटून फुटलें आणि पन्नासांहून अधिक माणसें बुडालीं. ही प्रथा बंद व्हावी म्हणून आमच्या गोपाळराव गोखल्यांनीं १९१२ च्या मार्चमध्यें वरिष्ठ कायदे कौन्सिलांत ठराव मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो पाडण्यांत आला. गोखलेहि मूळचे मास्तरच. त्या साठ हजारांत कोणाजवळ पंचांग असेल? आपल्या बापाची तिथि त्यांनीं कशावरून ओळखली असेल? आमच्या कुटुंबाला हें बोलून दाखविलें, तर तिनें पहांटेच्या चंद्राच्या जागेकडे नुसतें बोट केलें. तेथें त्या वेळीं कांहीं नव्हतें, ऊन होतें.

शनिवारीं सकाळीं सुवा बंदरांत दूरध्वनि लागला. बंधूंनीं पानाचें छायाचित्र पाठविलें होतें. त्यावर वेळ होती गुरुवार, दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटें. पानांत आमसुलाची चटणी होती. ती गोड केली होती कीं आंबट, हें विचारावयाचें राहूनच गेलें. आमच्या रोजनिशींत बुधवारच्या खालीं एक ओळ कोरी सोडून शुक्रवार लिहिला आहे. ती कोरी ओळ पाहून चिरंजीव म्हणाले, “बाबा, येतांना त्याच वाटेनें जहाजानें परत आलां असतां तर एक दिवस जास्त मिळाला असता.” आम्हीं सिडनीहून विमानानेंच येण्याचें ठरविलें होतें, आणि तसेच आलों.